सुपातला मोबाइल

धाकट्या बहिणीने बनवलेला गेम मुंबईच्या एका आर्ट गॅलरीत ठेवलाय, हे मला मुरबाडच्या फ्लेक्सच्या दुकानात कळलं. मी तेव्हा कुणाच्या तरी वाढदिवसाच्या बॅनरवर शुभेच्छुकांचे फोटो चिकटवत होते. फोनवर ती म्हणाली, "ताई, आईबाबांना घेऊन ये." मी अभिनंदन केलं आणि फोन ठेवून एका शुभेच्छुकाच्या धडावर दुसऱ्याचं तोंड बसवलं.

खरं सांगते, आनंद वगैरे काही झाला नाही. जळफळाट झाला. घरातली चित्रकार मी. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार, गौरीपुढची रांगोळी, लग्नघराच्या भिंतीवरचे मोर, सगळं माझ्याकडे यायचं. आता माझी कामं चौकात लागतात, जेमतेम आठवडाभर. मग कुणीतरी ती उतरवून नेतं आणि त्यांवर धान्य वाळत घालतं. आमच्याच अंगणात एका भावी सरपंचाच्या छातीवर नाचणी पसरलेली असते. आणि हिचं काम म्हणे एसीत, पांढऱ्या भिंतींमध्ये.

हीच ती मुलगी, जिच्यापायी एकदा सगळं गाव आमच्या अंगणात जमलं होतं. ती नववीत होती, मी दहावीत. बाबांचा मोबाइल तिच्या हातून सुटत नसे. त्या दिवसांत टीव्हीवर सारखं दाखवायचे, गेममुळे पोरं जिवाला मुकतात. डोळखांबकडचा एक मुलगा गेमच्या नादाने जंगलात गेला, अशीही बातमी उठली. तो आपल्या मामाकडे जाऊन बसला होता हे पुढे कळलं, पण तोवर गावात सभा होऊन घरोघरचे मोबाइल पेटीत बंद झाले होते. अशात एकदा आईने पाहिलं, बहीण झोपलीय आणि झोपेत तिचे दोन्ही अंगठे हलतायत.

"हिच्या अंगात काय शिरलंय ते बघाया पायजे," आई म्हणाली, आणि भगताला सांगावा गेला.

त्याच दिवशी मी शाळेतून इंटरमिजिएट ड्रॉइंगचा निकाल घेऊन आले होते. ए ग्रेड. शाळेत एकटीला. आई म्हणाली, "बरं झालं गो. आता जाऊन लिंबं घेऊन ये."

लिंबं आणली. भगताने मोबाइल सुपात ठेवला, भोवती तांदूळ मांडले, लिंबू ओवाळलं. बहिणीला समोर पाटावर बसवून बजावलं, "हलायचं नाय. बोट पन हलवायचं नाय." ती जराशी हलली की सगळं अंगण तिच्याकडे बघायचं आणि बायका पुटपुटायच्या, "हाय, अजून हाय." शेवटी भगताने हात झाडले, कोंबडं कापलं. जेवताना आईने तंगडी तिच्या ताटात वाढली, पोर दमली म्हणून. माझं सर्टिफिकेट मी स्वतःच पत्र्याच्या डब्यात ठेवलं.

पुढे ती कल्याणला कॉलेजात गेली, कॉम्प्युटर शिकली, गेम बनवणाऱ्या कंपनीत लागली. जो नाद काढायला कोंबडं कापलं, त्याचाच पगार येऊ लागला तसे गावाला तिचे गुण दिसायला लागले. सभेत सगळ्यात मोठ्याने ओरडलेले काका आता पोरांना म्हणतात, तिच्यासारखा गेम तरी बनवा.

आम्ही तिघं गॅलरीत पोचलो. लोक दवाखान्यात बोलतात तसे हळू बोलत होते. एका अंधाऱ्या खोलीत मोठा पडदा, पुढे खुर्ची, खुर्चीवर बटणांचा रिमोट. पडद्यावर आमचं अंगण. तेच सूप, तेच तांदूळ, तोच भगत. खेळणारा म्हणजे पाटावरची मुलगी. खेळ इतकाच की काही करायचं नाही. भगत उठेपर्यंत एकही बटण दाबलं नाही तर जिंकलात. दाबलंत तर सगळं अंगण मान वळवून तुमच्याकडे बघतं आणि तुम्ही हरता. मोठमोठी माणसं रिमोट धरून श्वास रोखून बसत होती. मी पडद्यावर स्वतःला शोधलं. नव्हते. असणार कशी, मी त्या वेळी घरात कांदा चिरत होते.

बहिणीने आईला खुर्चीत बसवलं. आईने रिमोट मांडीवर धरला आणि समोर बघत राहिली. पडद्यावरच्या बायका पुटपुटत होत्या. भगत उठला, पडदा उजळला, आई जिंकली. पण ती उठेना. मग तिने बहिणीचा हात ओढून गालाला लावला.

"माझं चुकलं गो. तवा मला काय समजतच नव्हतं. किती भ्यायली असशील."

दोघी रडल्या. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. मी त्यांच्यामागे पर्स धरून उभी होते. गॅलरीचं काय, मिळाली तर मिळाली. पण ही माफी मला हवी होती. माझ्यासाठी कुणी कधी घाबरलं नाही, भगत आणला नाही, कोंबडं कापलं नाही. मी शहाणी होते. शहाण्या मुलीच्या बाबतीत आपलं काही चुकलंय, हे कुणाला आठवणार तरी कसं?

"ताई, आता तू बस," बहीण डोळे पुसत म्हणाली.

मी बसले. अंगण पुन्हा भरलं. भगताने लिंबू उचललं. आई माझ्या खांद्याशी वाकून कुजबुजली, "काय दाबू नको गो, हारशील."

मी बटण दाबलं. सगळ्या अंगणाने मान वळवली. बायका, म्हातारे, दाराशी उभी असलेली पडद्यावरची आई, सगळे एकटक माझ्याकडे बघत होते.

खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मी पुन्हा दाबलं.