उस्मानचं शेंगा फोडायचं यंत्र

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी औरंगाबादहून उस्मानच्या मुलाचा फोन आला. “चाचा, अब्बा गेले,” एवढंच तो बोलला. हातातला चहा तसाच निवून गेला...

उस्मान आणि मी देवगाव रंगारीचे, एकाच गल्लीतले. निजामाच्या राजवटीत मी गावात मास्तर झालो, तेव्हा तो औरंगाबादला सरकी काढायच्या कारखान्यात यंत्रांना तेलपाणी करत होता. शाळा चौथीपर्यंत. बाकी सगळं तो बंद पडलेली यंत्रं खोलून, पुन्हा जोडून शिकला. गावी परतला तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका व्यापाऱ्याच्या भुईमुगाच्या शेंगा हातानं फोडत. माझी आई त्यांतलीच. त्याच मजुरीवर तिनं मला शिकवलं. हिवाळ्यात तिची बोटं फुटून रक्त यायचं. ते पाहून उस्माननं बैलगाडीच्या चाकावरच्या जुन्या धावेचं लोखंड वापरून हातानं फिरवायचं यंत्र बनवलं. पहिल्या दिवशी निम्मे दाणे भरडून निघाले. मग चार दिवस तो बायकांत बसून शेंगा फोडत राहिला, अंगठा नेमका कुठं दाबतो ते बघत. बायका हसायच्या, तोही हसायचा. पुढच्या खेपेला दाणे अख्खे पडले.

व्यापाऱ्यानं यंत्र मागितलं आणि उस्माननं शब्दही दिला. त्या संध्याकाळी आई मला घेऊन त्याच्याकडं गेली.

“उस्मान, यंत्र लई चांगलं हाय. पण उद्यापासून आम्ही काय करायचं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्माननं यंत्र आमच्या ओसरीत आणून ठेवलं. म्हणाला, “मावशी, हे तुमचं. शेंगा इथं पाठवा म्हणावं व्यापाऱ्याला.”

शब्द मोडला म्हणून व्यापारी संतापला. वर्षभर त्यानं उस्मानला दारात उभं केलं नाही. पण अख्खे दाणे त्यालाही हवेच होते. सुगी संपायच्या आत पोती आमच्या ओसरीत आली. पुढं उस्माननं गल्लीतल्या बायकांसाठी अशी आणखी यंत्रं केली. मग पेरणीची, कडबा कापायचीही.

परवा त्याच्या देवगावच्या जुन्या खोलीत जाऊन आलो. एका भिंतीवर कोळशाच्या आडव्या रेघा अजून आहेत. बसलेल्या बाईचा हात कुठवर पोचतो ते मापून तो यंत्राची मूठ बसवायचा. प्रत्येक रेघेशी वाकड्या अक्षरात एकेकीचं नाव. सगळ्यांत खालच्या रेघेशी नुसतं ‘मावशी’.

आई इतकी ठेंगणी होती, हे मी विसरूनच गेलो होतो.