अर्धी राहिलेली लॅटिन पोथी

बाबांनी पुस्तकाला कुंकू लावलं, यात त्यांचं काय चुकलं? इतकी वर्षं झाली, मला कुणी धड उत्तर दिलेलं नाही.

सत्तरीच्या दशकाची अखेर. मोहाडीहून बसनं मी भंडाऱ्याच्या कॉलेजात जायची. अभ्यासाला एक जुनं लॅटिन काव्य होतं, इंग्रजी पद्यात आणलेलं. राजे, शाप, लढाया, रागीट देव. लायब्ररीत एकच प्रत. श्रावणात ती मी घरी आणली. धानाचा रोवणा म्हणजे भातलावणी आटोपली होती आणि आमच्या ओसरीवर दुपारी पोथी लागायची. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा.

"तू काय वाचून राहिली वं बाई?" बाबांनी विचारलं.

"देवांच्या गोष्टी आहेत, बाबा. दुसऱ्या मुलखातल्या."

"देवाच्या हायेत ना? मंग पोथीच झाली. वाच, आमालेबी आयकू दे."

झालं! पुस्तक पाटावर गेलं. मी इंग्रजी ओळी चालीवर म्हणायची आणि आमच्या बोलीत अर्थ सांगायची. चार शेजारी माना डोलवायचे. वाचून झालं की बाबा त्या पानाला कुंकवाचं बोट लावायचे, खुणेला तगरीचं फूल ठेवायचे. मला गंमत वाटायची. एका शब्दानं मी अडवलं नाही.

किल्ल्याला वेढा पडलेला, धाकटा भाऊ आत, थोरला नदीपार, इथवर आलो आणि पुस्तकाची मुदत संपली. मुदत वाढवायला लायब्ररीत गेले, तर तिथं आमचे सर उभे. त्यांनी पुस्तक उघडलं.

"ही काय सत्यनारायणाची पोथी आहे?" सगळ्यांदेखत ओरडले. "गावंढळपणाची हद्द झाली!"

अहो, रोमन लोक देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय पाऊल उचलत नसत, हे याच माणसानं वर्गात घसा फोडून सांगितलं होतं. स्वतःला लॅटिनचा 'ल' येत नव्हता. उसन्या इंग्रजीवर केवढा तो तोरा! पण हे सगळं मला परतीच्या बसमध्ये सुचलं. सरांपुढं मी खाली मान घालून म्हणाले, "सर, माझे वडील अडाणी आहेत."

पुस्तक कपाटात गेलं. मला ते पुन्हा मिळणार नव्हतं.

घरी बाबा पाट मांडून वाट बघत होते. "पोथी कुठं हाय?"

"संपली," मी खेकसले. "बसमध्ये वाचली पुढची. भेटले ते दोघं भाऊ."

पोथी अर्धी सोडायची नाही, हा आमच्याकडचा नेम. दुसऱ्याच दिवशी बाबांनी समाप्ती केली. नारळ फोडला, शिरा केला, चार घरी प्रसाद दिला. मग शिऱ्याची वाटी माझ्यापुढं ठेवून हळूच म्हणाले, "मले वाचता येत नाई, बाई. पन कुंकू अर्ध्याच पोथीले लागलं होतं, थे तं मले मालूम हाय."

"मग समाप्ती काहून केली?"

"अर्धी पोथी तुले बाधू नये म्हनून. खा."

त्या सरांना मी आजही शिव्या घालते. पण बाबांना अडाणी सरांनी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं.