फरकवाले डॉक्टर

आमच्या डॉक्टरसाहेबांना प्रश्न विचारताच यायचा नाही. ते सरळ उत्तरच विचारायचे. "काय मावशी, फरक आहे ना?" असं म्हणून मान अशी काही डोलवायचे, की नाही म्हणायची कुणाची टाप होती? लातुरात लोक त्यांना फरकवाले डॉक्टर म्हणत. साहेबांना ती पदवीच वाटायची.

परदेशी कंपन्यांच्या नव्या औषधांच्या चाचण्या घ्यायचं केंद्र त्यांनी काढलं होतं आणि मी तिथं समन्वयक होते. म्हणजे रुग्णांना गोळ्या द्यायच्या, त्यांच्या नोंदी ठेवायच्या आणि साहेबांचं इंग्रजी सहन करायचं. तेव्हा चाचणी चालू होती सांधेदुखीच्या गोळीची. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली, हे आम्हालाही ठाऊक नसायचं. हे सगळं रुग्णाला नीट समजावून सांगायचा नियम होता. साहेब एका वाक्यात उरकायचे, "फॉरेनची गोळी आहे, नशीब समजा!"

वर्ष दुष्काळाचं. गल्लोगल्ली टँकरपाशी घागरींच्या रांगा, आणि साहेब टाय सावरत सांगायचे, "गोळीबरोबर भरपूर पाणी प्या." एक आजोबा म्हणाले, "पाणी बी कंपनीच देणार हाय का?" सगळा व्हरांडा हसला. साहेबही हसले, कारण त्यांना ते कळलंच नव्हतं.

शिवाय उदगीर जिल्हा होणार, ही आवई त्यांनी फारच मनावर घेतली होती. "होऊ द्या जिल्हा, तिथं आपलं दुसरं सेंटर!" जिल्ह्याचा पत्ता नव्हता, पण साहेबांनी मनात फीत कापून टाकली होती.

अहमदपूरच्या महानंदाबाई याच चाचणीत होत्या. घरचं किराणा दुकान, घराणं लिंगायत. रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम. पण बोटं आखडली आणि तळहातच उघडेना. सून हात धरायची. "दुसऱ्यानं हात धरून केलेली ती काय पूजा, माय?" म्हणून त्या डोळे पुसायच्या. गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांनी आल्या आणि माझ्यासमोर पंजा पसरला. "बघ गं, सपाट!" मला रडूच आलं.

पण बाकीचेही सगळे आत जाऊन "लई फरक हाय" असंच सांगत. एकजण तर पायरी उतरताना कळवळत होता. मी विचारलं, "खरंच फरक आहे?"

"कुठला फरक? गुडघा जीव घ्यायलाय."

"मग आत तसं का सांगितलं?"

"एवढा मोठा साहेब मायेनं इचारायलाय. त्याच्या तोंडावर न्हाई कसं म्हणावं, ताई?"

मी तडक साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "लोकांना बरं वाटतंय, तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

शेवटी व्हायचं तेच झालं. कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, तुमच्याकडे औषध नसलेल्या गोळीनंही सगळेच ठणठणीत झालेत, मग खऱ्या गोळीचा गुण कळणार कसा, हे आकडे आम्हाला चालणार नाहीत. साहेब म्हणाले, "आमच्या हवेचा गुण!" केंद्र बंद झालं, गोळ्या परत गेल्या. त्यात महानंदाबाईंचीही गेली, आणि ती बाजारात कुठंच मिळत नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ऐकतो कोण?

साहेब नांदेडला नवं केंद्र काढायला निघाले, त्या दिवशी महानंदाबाई आल्या. बोटं पुन्हा आखडली होती. मी दारातच त्यांना विनवलं, "आज तरी खरं सांगा. भांडा त्यांच्याशी. कंपनीकडून माझ्यापुरती तरी गोळी मागून आणा, असं म्हणा." त्यांनी होकारार्थी मान हलवली.

साहेब बॅग घेऊन बाहेर आले. त्यांना पाहून थांबले. "काय महानंदाबाई, फरक आहे ना?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"हाव साहेब, लई फरक हाय," त्या म्हणाल्या आणि नमस्काराला हात जोडू लागल्या. तळहात काही जुळेनात. साहेब खुशीत मान डोलवत गाडीत बसले.