मुसळीची जागा

"बाबा, तुमची चप्पल बाहेर काढा. गालिचा खराब होईल," दारावरचा शिपाई म्हनला.

वर्ध्याच्या त्या हॉलात साहेब लोकं बूट घालूनच बसले होते. माझ्या बानं चप्पल काढली. एकट्यानं. मी अकरावीतली पोरगी, त्याच्या मांगं उभी. मले लाज वाटली. साहेबाची नाई, बाची! हे सांगताना अजून तोंड कडू होते.

परंपरागत ज्ञान अन् गावाचा विकास, असा कार्यक्रम होता. आम्ही गोंड, समुद्रपूरकडचे. बा जडीबुटी देत होता. त्यानं सफेद मुसळीचे गेल्या सालचे वाळलेले कंद हातात धरून सांगतलं, पानं पिवळी पडल्याबिगर खनायचं नाई, अन् वरचा डोळा परत त्याच खड्ड्यात पुरायचा.

मोठा साहेब माइकवर हसला. "यांना कारण माहीत नसतं. पूर्वजांनी सांगितलं म्हणून करतात."

टाळ्या पडल्या. कारण मालूम नाई म्हने! अरे, पुढच्या साली उगवली पाह्यजे, हेच तं कारण होतं.

हप्त्याभरात तोच साहेब आमच्या आंगनात. म्हने सून बाळंतीन हाय, दूध उतरत नाई, मुसळी कुठं भेटते ते दाखवा. बिमारासाठी मांगनाऱ्याले आमच्यात नाई म्हनत नाई. बा त्याले टेकडीवर घेऊन गेला. पंधरा दिवसांनी जीप आली, कुदळीवाले आले. पानं अजून हिरवीच होती. एक डोळा जमिनीत ठेवला नाई मेल्यांनी. मले तं वाटते, बाळंतीन सून नव्हतीच.

त्या टेकडीवर मुसळी परत उगवली नाई. बा मरेपर्यंत एकच म्हनत राह्यला, "मीच दाखवली."

औंदा दुसरे आले. हातात मोबाईल, तोंडात साखर.

"ताई, आणखी एक जागा तुम्हालाच ठाऊक आहे म्हणे. नकाशावर घेऊ. गावाच्याच फायद्याचं आहे."

मी इचारलं, "बिमार कोन हाय?"

"कोणी नाही."

"मंग जागा काऊन पाह्यजे?"

"ताई, तुम्हाला नाही कळायचं ते."

"मले समजते. चहा प्या अन् निंगा."

बिमार दारात आला तं मी सोता जाईन, खनीन, डोळा पुरीन, औषध त्याच्या हातावर ठेवीन. जागा दाखवनार नाई. कोनालेच नाई. फक्त माझ्या पोरीले दाखवली. अन् तिले सांगतलं, "मांगं कोनी येऊन राह्यलं का पाह्यजो, मंगच टेकडी चढजो."