गार हात लावू नकोस

फोन आला तेव्हा मी तुयेच्या आमच्या कारखान्यात कॅन्टीनवाल्याशी वाद घालत होते. डाळ पातळ, भात कच्चा, आणि वर तोच मला ऐकवत होता. यजमानांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "पमी पडली. घरातच. उठत नाही." मी फोन ठेवला आणि गाडीत बसेपर्यंत डोक्यात यादी तयार झाली होती : तिची औषधं, आधार कार्ड, दोन साड्या, थर्मास, बँकेतून पैसे, नातेवाइकांना फोन. माझं डोकं असंच चालतं. हॉस्पिटलात पोचले आणि कळलं की यातलं काहीच लागणार नाही. प्रमिला, माझी नणंद, अतिदक्षता विभागात डोळे मिटून पडली होती. जिने उभा जन्म नळ्या लावलेल्या बाळांची काळजी घेतली, तिलाच नळ्या लावलेल्या... मी कॉटच्या पायथ्याशी पिशवी घेऊन उभी राहिले. पिशवी कुठे ठेवायची, एवढाच प्रश्न मला सुचत होता.

तिथली सिस्टर प्रमिलाला ओळखत होती. म्हणाली, "बोला त्यांच्याशी. ऐकू येत असेल. घरच्या नावानं हाक मारा." मी इकडेतिकडे पाहिलं. तरुण डॉक्टर होते, वॉर्डबॉय होता. मग वाकून म्हटलं, "शेणी... गो शेणी." त्या सिस्टरला हसू आलं आणि लगेच तिनं तोंड फिरवलं, कारण ते हसू तिला झेपलं नाही. प्रमिलाचं बोट हललं, पापणी थरथरली, असं काही मी सांगणार नाही. काहीही हललं नाही. तीनचार दिवसांनी ती गेली.

शेणी हे नाव तिला तिच्या आजीनं ठेवलं होतं. सर्वणच्या आमच्या घरात प्रमिलाच्या आधीची दोन मुलं जन्मून गेली होती. ही आली तीही दिवस भरायच्या आधी, ओंजळीत मावेल एवढी. तेव्हा कसली काचपेटी आणि कसला वॉर्ड... कापूस घातलेल्या टोपलीत तिला चुलीच्या उबेशी ठेवली आणि आजीनं जाहीर केलं, ही शेणी. चांगल्या नावाच्या पोरावर सगळ्यांची नजर जाते, शेणाच्या गोवरीकडे कोण बघतो? आपल्याकडे गावोगाव असे धोंडू, दगडू, केरू उगाच नाही झाले. मी लग्न होऊन आले तेव्हा प्रमिला नर्सिंग शिकत होती. पांढऱ्या शुभ्र कपड्यांतली ही मुलगी अंगणात आली की शेजारीण हाक मारायची, "शेणी इली गे?" आणि ती "इलंय, इलंय" म्हणत आत यायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिला कधीच नाही.

पुढे ती सरकारी हॉस्पिटलात लागली आणि बाळांच्या वॉर्डातच राहिली. लग्न केलं नाही. का नाही, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारायचं ठरवून विचारलं नाही. लवकर जन्मलेली, वजनानं कमी, श्वास घ्यायला विसरणारी बाळं. ती सांगायची, बाळाला काय करायचं ते यंत्रांना आणि आम्हांला थोडंफार कळतं. काचेच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसांचं काय करायचं, ते कोणाला कळत नाही. आई येते, बघते आणि घाबरून मागे सरते. आजी येतच नाही. सोयर आहे, बारसं झालेलं नाही, आणि मनात एक भीती असते ती कुणी बोलत नाही... जीव लावला आणि गेलं तर? म्हणून बाळाला नाव नाही, कुणी हाक मारत नाही. पेटीवर चिठ्ठी असते ती आईच्या नावाची, अमकीचं बाळ.

इथे प्रमिलानं आपल्या आजीची युक्ती काढली. खरं नाव बारशालाच ठेवा, म्हणायची, पण तोवर एक ओंगळ नाव द्या. नजर लागणार नाही आणि आम्हांला हाक मारता येईल. ते नाव तिला आजीकडूनच हवं असायचं. आजी तयार नसेल तर आत्या, तीही नसेल तर शेजारीण. मग त्या वॉर्डात खापरी, धोंडू, फाटको, लोटको अशी मंडळी जमायची. नवीन आलेले डॉक्टर आधी चिडायचे आणि आठवड्यात तेच विचारायचे, "खापरी आज किती दूध प्याली?" एकच नाव तिला चालायचं नाही. कुणी मुलीला नकोशी म्हणालं की ती चिठ्ठी परत करायची. "ओंगळ चालता, नकोशी चालचें ना. दुसरें सांग."

तिची दुसरी सवय मला आयुष्यभर त्रास देत आली. कुठल्याही माणसाला हात लावायच्या आधी ती तळहात एकमेकांवर घासायची. वॉर्डात ठीक आहे, तिथे हात सारखे धुवायचे, एसीचा गारठा, गार हात लागला की ती एवढीशी बाळं दचकतात. पण घरात? सकाळी मला कामावर जायची घाई, साडीच्या निऱ्या तिनं धराव्यात म्हणून मी हाका मारतेय आणि ही आपली तळहात घासत येतेय. "अगो, मी काय तुझं बाळ आहे?" मी ओरडायची. ती निऱ्या धरता धरता म्हणायची, "किती भोवतंस गो वयनी? भोवरो तरी मातसो थांबता."

मला थांबता येत नाही, हे खरं. त्यामुळेच काही वर्षांपूर्वी महादेव माझ्याकडे आला तेव्हा मी ताबडतोब कामाला लागले. हा चंदगडकडचा, आमच्याकडे मशीनवर. रजेचा अर्ज घेऊन आला आणि उभाच राहिला. बायको सुनंदा, मुलगी झालीय, सातव्या महिन्यात, बाळांच्या वॉर्डात आहे. "आणि सुनंदा?" "खोलीवर हाय मॅडम. तिला सोडलंया. पण ती पोरीकडं जाईना झालीया. दूध काढून द्या म्हंत्यात सिस्टर, तर तेबी न्हाई." हळूहळू बाकीचं कळलं. त्यांना आधी एक मुलगा झाला होता, तोही असाच लवकर. सुनंदानं त्याला पाहिलं, मांडीवर घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. तेव्हापासून तिच्या डोक्यात बसलं होतं की आपण तोंड पाहिलं म्हणून गेला. ती मुलीला टाकत नव्हती. तिला वाचवत होती.

मी कारखान्याची गाडी काढली, खोलीवर गेले, सुनंदाला समजावलं, पाणी पाजलं, गाडीत घातलं. वाटेत तिला विज्ञान सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. हॉस्पिटलात पोचलो आणि वॉर्डाच्या बाहेरच्या बाकावर ती जी बसली, ती उठेना. प्रमिला बाहेर आली. मी भराभर सगळं सांगून टाकलं, पुढे काय करायला हवं तेही. तिनं मला पैसे दिले आणि खालून उंडे पाव आणि पातळभाजी आणायला पिटाळलं. मला! मी परत आले तर प्रमिला तिच्या शेजारी बाकावर टेकली होती. सुनंदानं अर्धा उंडा खाल्ला. मग प्रमिला म्हणाली, "बाळाक बघू नको तू. खरेंच नको. पाठ करून बस. पण आत बस. दूध हवंय तिला, आणि तुझा वास हवाय. त्याला तोंड कशाला बघायला हवं?"

एवढं मात्र सुनंदाला पटलं. हात धुऊन, अंगावर वॉर्डाचा गाऊन चढवून ती आत गेली आणि काचपेटीकडे पाठ करून खुर्चीत बसली. मला दारातून दिसत होतं. प्रमिलानं विचारलं, "घरात व्हडलें कोण?" सासू, चंदगडला. वॉर्डाचा मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असतो, त्यावरून तिनं सासूला फोन लावला आणि आवाज मोठा केला. ओंगळ नाव हवंय म्हणून सांगितलं. म्हातारीला काही समजावून सांगावं लागलं नाही. जणू ती या फोनचीच वाट बघत होती.

"केराबाई म्हणा तिला. केरातली चीज कोण उचलतंय? देवाचंबी ध्यान जात न्हाई."

"केराबाय! बरें नांव," प्रमिला म्हणाली आणि चिठ्ठी लिहायला घेतली. तिनं नाव मोठ्यानं म्हणत लिहिलं, केराबाय, केराबाय...

सुनंदा अजून पाठ करूनच बसली होती. ती एकदम फोनवर खेकसली. "केर कशापायी म्हंत्यासा, आत्ती? माझी लेक केर हाय व्हय?"

"अगं, नदर लागाय नको म्हणून..."

"नदर लागू दे न्हाईतर काय हू दे! केर न्हाई ती. बघा की तिचं तोंड, बघा तरी..."

आणि तोंड दाखवण्यासाठी ती वळली. दोनशे कोसांवर नसली तरी चंदगडला बसलेल्या सासूला फोनवर काय दिसणार होतं, कोण जाणे. पण सुनंदा वळली आणि मग तिची मान परत फिरली नाही. फोनमधून म्हातारी "काय झालं गं, काय झालं" विचारत होती. प्रमिलानं दाराशी येऊन फोन माझ्या हातात दिला, तळहात घासले, आणि बाळाला हात लावेल असं मला वाटलं तर तिनं सुनंदाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि चोळत राहिली. "गार हात लावू नकोस. दचकता ती. हां... आता लाव. थापटू नको, कुरवाळू नको. नुसतो ठेव." सुनंदाचा तळहात त्या मुलीच्या पाठीवर सगळा पसरला. पाठ संपली, हात उरला.

घरी येताना मी प्रमिलाला विचारलं, ती अशी रागावणार हे तुला ठाऊक होतं? "कोणाक खबर," ती म्हणाली. "खंय आई रागावता, खंय आजी रडता. कोणी तरी पोराबद्दल कायतरी बोलूंक हवं, बस." आणि गाडीत झोपून गेली.

मुलगी बरेच दिवस वॉर्डात राहिली. मधे एकदा बिनसलं, श्वासाचं यंत्र लावावं लागलं. तेव्हा रोज महादेवच्या तोंडाकडे बघून मी आजचा दिवस कसा गेला ते ओळखायची. पुढे सुनंदानं तिला छातीशी उघड्या अंगाला धरून तासन्‌तास ऊब दिली, तिचा हात दुखला की महादेवनं. घरी नेली तेव्हा बारशाला आरोही नाव ठेवलं. सासू अजून केराबाईच म्हणते आणि सुनंदा अजून भांडते.

प्रमिलाचं बारावं झालं. सगळं व्यवस्थित झालं, मीच केलं. तिची कपाटं आवरली, कागदपत्रं लावली, वॉर्डातला तिचा कप आणि चपला आणल्या. मग करायला काही उरलं नाही आणि मला घरात बसवेना. पडवीत जाते, स्वयंपाकघरात येते, फ्रीज उघडते, कशासाठी ते आठवत नाही. पडवीतल्या जनेलाशी, खिडकीच्या उजेडात, तिची व्होल्तेर खुर्ची आहे, लांब हातांची, मागे रेललेली. ड्युटीवरून आली की ती त्यात पडायची. मी ती खुर्ची पुसते आणि पुढे जाते. एकदाही बसले नाही.

गेल्या रविवारी सुनंदा मुलीला घेऊन आली. आरोही आता शाळेत जाते, बोलते फार. आल्या आल्या विचारलं, "सिस्टरआजी कुठं बसायच्या?" मी खुर्ची दाखवली. ती चढून बसली, दोन्ही लांब हातांवर पाय टाकायचा प्रयत्न केला, जमेना, मग अंगाची जुडी करून पडली. आम्ही दोघी आत चहा करत होतो. सुनंदा म्हणाली, "परवा हिला ताप आला हुता. मी हात चोळल्याबिगर हात लावंना, तर हीच म्हणाली, आई, लाव की लवकर." हसता हसता ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. मी साखर किती ते विचारलं.

परतीची बस यायची वेळ झाली. मी सुनंदाची पिशवी भरली, नारळ, पोहे, प्रमिलाची एक सुती साडी. "चल, मी उठवते तिला," म्हटलं आणि पडवीत आले. पोर गाढ झोपली होती, तोंड उघडं, गाल खुर्चीच्या वेतावर दाबलेला. रस्त्यावर बसचा हॉर्न ऐकू आला. मी वाकले आणि पाहते तर माझे तळहात एकमेकांवर घासले जात होते. भांडी नुकतीच विसळली होती, हात गार होते. मी घासत राहिले... ऊब आली. मग हात तिच्या पाठीवर ठेवला. थापटलं नाही, हलवलं नाही. नुसता ठेवला.

पाठ आता हाताहून मोठी झालीय.

सुनंदा दारात पिशवी घेऊन उभी होती. बस थांबली, निघाली, वळणावर गेली. मी तिला खुणेनंच सांगितलं, बस. आणि मीही तिथेच, जमिनीवर, खुर्चीला टेकून बसले.