फोटोला पाठ हवी

माझ्या साडूंइतका फोटोंवर चिडलेला माणूस पुणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि मी त्यांच्यावर जितका चिडलो तितका दुसऱ्या कुणावर चिडलेलो नाही. आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, मोशीच्या. त्यामुळे सणावाराला भेट चुकत नसे. कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी हे गृहस्थ भिंतीवरच्या फोटोसमोर उभे राहत. दाणा टिपण्याआधी कोंबडी मान हलवते तशी मान डावीकडे-उजवीकडे हलवत आणि घरमालकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "लबाडी!" आमच्या लग्नाचा फोटो मी हौसेने दिवाणखान्यात लावला होता. तो पाहून म्हणाले, "मास्तर, यात तुम्ही पोस्टकार्डाइतके चपटे आहात. फोटोला पाठ हवी. मान हलवली की कानामागचं दिसायला हवं. तोवर हा फोटो म्हणजे नुसता डाग." पुढ्यातली पुरणपोळी मी रागाने बाजूला सारली.

साडूबुवा कासारवाडीला स्टेशनजवळ दोन खोल्यांत राहत. पिंपरीला तेव्हा नुकताच औषधांचा मोठा कारखाना उभा राहिला होता. तिथे यंत्रांवरची मीटरं दुरुस्त करायचं त्यांचं काम. कामात म्हणे एक नंबर. घरात मात्र अजागळपणाचा कळस! चहा बशीत ओतायला घेतला की धार बशीच्या अलीकडे, माझ्या धोतरावर. कोट खुंटीला अडकवायला गेले की कोट जमिनीवर आणि हे खुशाल पुढच्या वाक्यावर. स्टेशनात गाडी शिरत असली की फलाटाच्या पार मागच्या भिंतीला पाठ लावून उभे. "अहो, गाडी रुळांवरून येते, तुमच्या अंगावरून नाही," असं मी दहादा सांगितलं असेल. ते नुसते हसत. विलायती विज्ञानाची मासिकं वाचून वाचून माणसाचं जमिनीवरचं लक्ष उडालं, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी चारचौघांत बोलून दाखवत असे. मी शाळामास्तर. शेरा मारल्याशिवाय मला राहवत नाही.

स्वतःचे फोटो ते निराळ्याच पद्धतीने काढत. एका फळीवर अडीच इंचांच्या अंतराने दोन खुणा. पहिल्या खुणेवर कॅमेरा ठेवून एक फोटो, मग तो दुसऱ्या खुणेवर सरकवून दुसरा. आपले दोन डोळे एकच वस्तू जराशा निराळ्या जागांवरून बघतात, म्हणून कुठली जवळ आणि कुठली लांब ते कळतं. तीच युक्ती. दोन्ही फोटो एका कार्डावर शेजारीशेजारी चिकटवायचे आणि दोन भिंगं बसवलेल्या लाकडी पेटीतून बघायचं. डाव्या डोळ्याला डावा फोटो, उजव्याला उजवा. मग चित्र उभं राही हे मी कबूल करतो. पण त्या दोन फोटोंच्या मध्ये कुणी हलायचं नाही! माझ्या धाकट्याच्या मुंजीत यांनी अख्ख्या मांडवाला "श्वास धरा!" म्हणून दटावलं. भटजी नेमके शिंकले. कार्डावर भटजींना दोन नाकं आली आणि दोष मात्र माझ्या पदरात, का तर भटजी मी आणले होते. कार्ड तयार झालं की आधी मालूताईने, म्हणजे माझ्या मेहुणीने, पेटीतून बघायचं. तिने मान डोलावली की मग आम्ही. साडूबुवा बायकोला मान देतात, एवढा एकच गुण मी त्यांच्या खात्यावर जमा धरला होता.

त्यांच्यापुढे खरोखर न हलता बसणारा माणूस एकच, आमचे सासरे. आम्ही दोघे जावई त्यांना मामा म्हणायचो. मोशीचे जुने शेतकरी. अंगणात लिंबाखाली खाटेवर बसून काठी पुढे धरली की त्यांची पापणी लवत नसे. या जावयावर त्यांचा एवढा जीव का, हे कोडं मला सुटत नव्हतं. मी पदवीधर, मी नियमित भेटायला जाणारा, आणि शेजारी बसवून घ्यायचं कुणाला, तर चहा सांडणाऱ्याला!

एकदा इंद्रायणीच्या घाटावर साडूबुवांनी मला धरून बसवलं आणि पाण्यात दोन खडे टाकले. दोन्हींची वर्तुळं पसरली आणि जिथे भेटली तिथे बारीक जाळी उमटली. "ही जाळी गोठवता आली तर?" ते म्हणाले. "मास्तर, उजेडाच्याही अशा लाटा असतात. कॅमेरा किती उजेड आला तेवढंच टिपतो, लाट कशी आली ते विसरतो. विलायतेत एकाने शोधून काढलंय. वस्तूवरून परतलेला उजेड आणि सरळ आलेला साधा उजेड, दोन्ही काचेवर भेटवायचे. काचेवर नुसती जाळी उमटते, चेहरा नाही की मोहरा नाही. पण तसाच उजेड पुन्हा त्या काचेवर सोडा. वस्तू काचेमागे हजर! मान हलवा, बाजू दिसते. भिंग नको, पेटी नको, दोन फोटो नकोत."

"मग काढा की."

"कसा काढू? सगळ्या लाटा एका रंगाच्या, एका पावलाने चालणाऱ्या हव्यात. तसा दिवाच नाही अजून! त्या माणसाने कसंबसं नखाएवढं चित्र काढलंय. आणि बाकीचं जग काय करतंय? झोपलंय!" त्यांचा आवाज चढला. घाटावर धुणं धुणारी बाई वळून बघायला लागली. जगाच्या झोपेबद्दल हा माणूस माझ्यावर का ओरडतोय, म्हणून मीही ओरडलो. आम्ही अबोल्याने घरी परतलो.

त्या वर्षी सासरे गेले. वर्षश्राद्धाला आम्ही सगळे मोशीला जमलो. मालूताई स्वयंपाकासाठी दोन दिवस आधीच आली होती. साडूबुवा सकाळी पेटी काखेत मारून आले. सासऱ्यांचा शेवटचा जोडफोटो त्यांनी आदल्या दिवशी कार्डावर चिकटवला होता. जेवणं झाल्यावर त्यांनी पेटी सासूबाईंच्या हातात दिली. वर्षभरात त्या माउलीने नवऱ्याचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यांनी डोळे लावले, थोडा वेळ पाहिलं आणि पेटी खाली घेतली.

"आसं काय ह्ये? लिंब म्होरं आन् हे मागं. झाडाला भोक पाडून कुनी त्यात बसवल्यात जनू."

मी पेटी घेतली. दोन फोटोंची अदलाबदल झाली होती. डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे, त्यामुळे मागचं सगळं पुढे आलं होतं. मी तसं सांगितलं. साडूबुवांनी पेटी घेऊन पाहिलं, नेहमीप्रमाणे मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर तर आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वर्षश्राद्धाच्या दिवशी त्या बाईच्या जिवाशी खेळ! "बरोबर? शेंबड्या पोराला दिसतंय ते तुम्हाला दिसत नाही? दोन डोळे असून आंधळे आहात का?"

मालूताई चुलीपाशी उभी राहिली आणि तिने पदर तोंडाला लावला. साडूबुवा पेटीची झडप उघडझाप करत राहिले. मग सासूबाईच बोलल्या.

"दोन कुटं हायती, मास्तर? डावा ल्हानपनीच ग्येला त्येंचा, इटी-दांडूची इटी लागून. वरनं दिसत न्हाई इतकंच. ह्यांनी बघन्याच्या दिशीच वळखलं व्हतं. बैलाचा डोळा पारखनारा मानूस. मला म्हनले, पोरगा येका डोळ्यानं बघतोय, पर मान हलवून हलवून समदं नीट बघून घ्येतोय. पोरगी दिऊ."

मान का हलते, चहा बशीबाहेर का जातो, गाडीला माणूस का भितो, हे सगळं मला तिथे बसल्या बसल्या कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं उभी चित्रं काढणाऱ्या या माणसाने त्यातलं एकही उभं पाहिलं नव्हतं. एका डोळ्याला पेटीत एकच चपटा फोटो दिसतो. मालूताई मान डोलवायची, त्यावर त्यांचा सगळा विश्वास, आणि हे कार्ड चिकटवलं तेव्हा ती घरी नव्हती.

"ही पेटी तुम्हा लोकांसाठी, मास्तर," ते हळूच म्हणाले. "ती काच निघाली असती तर एका डोळ्यालाही चाललं असतं. मान हलवून बघितलं असतं मी मामांना."

मालूताईने कार्ड पाण्यात भिजवून फोटो सोडवले आणि नीट चिकटवले. सासूबाई पेटीला डोळे लावून तिन्हीसांजेपर्यंत बसल्या. मी माफी मागितली नाही. मास्तरांना ती मागता येत नाही.

पुढे तो एका पावलाने चालणारा उजेड जगाला सापडला, पण तोवर साडूबुवा राहिले नव्हते. जगाची झोप जरा आधी उघडली असती तर काय बिघडलं असतं? आता त्या विद्येने यंत्राच्या भागातला केसाहून बारीक बाक मोजतात, हे ठीक. पण औषधाच्या खोक्यावर नकली माल ओळखायला चकाकती चिकटपट्टी लावतात, तीही तीच विद्या! ज्या चित्रासाठी एक माणूस जन्मभर तळमळला, त्याची चिकटपट्टी केली. ती दिसली की अजून माझं डोकं फिरतं.

मागे पुण्यात एका प्रदर्शनात गेलो होतो. काचेमागे एक कपबशी दिसत होती. हात घालून बघावं तर तिथे काहीच नाही. मी डावा डोळा मिटला आणि मान हलवली. कपाचा कान मागून पुढे आला, पुन्हा मागे गेला. बशी कुठे आणि कप कुठे, ते एका डोळ्याला स्वच्छ कळत होतं. मागे रांग खोळंबली होती. "आजोबा, सरका की पुढं," कुणीतरी म्हणालं. मी सरकलो नाही. मान हलवत तिथेच उभा राहिलो.