छातीवर ठेवलेले हात

आमचं ऑफिस खडकीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कंपनीचं. मी खरेदी विभागात. समोरच्या टेबलावर स्टोअर्स सांभाळणारे एक दादा बसायचे. खडकवासल्याकडच्या गावचे, माझ्याहून थोडे मोठे. सकाळी हेल्मेट काढता काढता पुण्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालायचे आणि मग कामाला लागायचे.

त्या दिवशी जेवण झाल्यावर ते फोनवर पुरवठादाराशी बोलत होते. "माल आलाय, पन पेटी फुटलेली हाय," एवढं म्हणाले आणि खुर्चीसकट बाजूला कलंडले. मला वाटलं, खुर्चीचं चाक निसटलं.

माणसं जमली. कोणी म्हणालं फीट आलीय, कोणी हुंगवायला चप्पल काढली. "अहो, श्वास चालू आहे, घोरतायत," एक जण म्हणाला. घोरल्यासारखा आवाज येत होता खरा; मधेच थांबायचा, पुन्हा यायचा. कंपनीने पूर्वी एक प्रशिक्षण दिलं होतं. हृदय अचानक बंद पडलं की माणूस असे आचके देतो, तो श्वास समजू नका, असं त्यात सांगितलं होतं. मी हाका मारल्या, खांदे हलवले. काही नाही.

"अॅम्ब्युलन्स बोलवा. कॅन्टीनबाहेरचं शॉकचं मशीन आणा," मी म्हणाले. शेजारच्या खोलीत कोणीतरी बोलतंय तसं ते मला ऐकू आलं.

गुडघ्यांवर बसून छाती दाबायला लागले. हाताखाली काहीतरी कडकन मोडलं. बरगडी असणार. दाबत राहिले. अकाउंट्समधली मैत्रीण मशीन घेऊन धावत आली. झाकण उघडताच ते इंग्रजीत बोलू लागलं, बँकेच्या फोनवरच्या बाईसारखं, अगदी शांत. तिने शर्ट कापला, चित्रात दाखवल्याप्रमाणे पट्ट्या चिकटवल्या. कोणी हात लावू नका, असं मशीनने सांगितल्यावर आम्ही मागे सरलो. तिने बटण दाबलं. दादांचं अंग एकदा उडालं. मी पुन्हा दाबायला घेतलं. बऱ्याच वेळाने त्यांनी माझा हात ढकलला, झोपेत माशी हाकलावी तसा.

अॅम्ब्युलन्स गेल्यावर मैत्रीण जिन्यात बसून रडली. मी हात धुतले आणि पुरवठादाराला फुटलेल्या पेटीची मेल पाठवली. घरी नवऱ्याने विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हणाले, "काही नाही. ऑफिसात एकाला बरं नव्हतं." भाजी चिरली. बाकीचं त्याला दुसऱ्यांकडून कळलं.

दादा वाचले. मी हॉस्पिटलात भेटायला गेले तर त्यांची बायको माझ्या पायाशी वाकली. मी तिला धरून उठवलं, चहा घेतला. सगळे म्हणत होते, केवढं पुण्य! मी आत शोधत होते. आनंद नव्हता, भीतीही नव्हती. भुलीचं इंजेक्शन दिलेल्या गालावर बोट फिरवावं, तसं होतं.

काही महिन्यांनी ते कामावर आले, बारीक होऊन.

"ताई, फासळी तुमीच मोडली म्हनं माझी?"

"हो."

"लई दुखली." मग हसले. जरा वेळाने हळूच म्हणाले, "मला कायच आठवत न्हाई. पडलो तवा कसा दिसत होतो?"

हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. ओठ निळे पडले होते, डोळे अर्धे उघडे होते, घोरत होतात. ते मान हलवत ऐकत राहिले, दुसऱ्या कोणाबद्दल चाललंय असं.

"आन तुमी?"

"मी काय?"

"तुमाला काय झालं तवा?"

इतक्या लोकांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी समोरची फाइल उघडली, पुन्हा बंद केली. दादांनी वाट पाहिली. मग खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढून ते तिथेच बसून राहिले. फोन वाजला, तोही त्यांनी उचलला नाही.